स्पिटफायर : मूळ किती राखावे?

मद्रासमध्ये १९६१पासून तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांना आठवत असेल. हेराल्डचाच सांगाडा आखूड करून इंग्लंडच्या ट्रायम्फ कंपनीने १९६२ साली स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आणली. दोहोंचे रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलेले. १९६५ सालची, ११४७ सी.सी.ची एक स्पिटफायर सध्या इंदूरला माझ्या घरामागील शेडमध्ये आहे, रविवार तिचा.

सांगाडा आखूड करताना हेराल्डच्या बाजूंचे आधार वगळले गेले. त्यामुळे दारांखालच्या पोकळ पेट्यांवर भार येतो, आणि नेमक्या त्याच गंजतात. त्या कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी वेल्ड करून आधार द्यावा आणि एका वेळी एकच बाजू उघडावी. अन्यथा गाडी मधोमध वाकते व दारे बसेनाशी होतात. अस्थिरोगतज्ज्ञांना याहून अधिक सांगणे न लगे.

मूळ रूपाला हातच लावू नये, असे काही मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. वेगातल्या वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम काढला, की मागचे बाहेरील चाक आत दुमडते आणि गाडी गरकन फिरते. ट्रायम्फनेच १९७०च्या चौथ्या आवृत्तीत मध्यावर झुलणारे कमानपाटे देऊन हा दोष पुष्कळसा आवरला. तेच मी बसवीत आहे, जोडीला पुढे जाड अँटी-रोल बार. ही गाडी माझी मुलगी चालविणार आहे.

जुने कमानपाटे ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून फळीवर ठेवले आहेत. दोन एस.यू. कार्बुरेटर मात्र मूळचेच राहतील. ते एकमेकांशी जुळविण्यात अख्खी सकाळ जाते, आणि ती मला हवीच असते.