सिंथेसायझरचे पॅच आणि त्यांची नोंदवही

सतारीवर छेडलेला षड्ज आणि बासरीवर फुंकलेला तोच षड्ज यांतील भेद डोळे मिटून ऐकणाऱ्यासही तत्काळ कळतो. दोन्ही नादांची उच्चनीचता एकच असू शकते, त्यांचा लहानमोठेपणाही सारखा राखता येतो. तरी ते दोन नाद एकच आहेत असे कोणी म्हणणार नाही. नादाच्या या तिसऱ्या लक्षणास नादाची जाती म्हणतात. सतारीच्या नादाची जाती तिचा भोपळा, तिची घोडी आणि तिच्या तारा यांनी ठरवून टाकलेली असते. सिंथेसायझर या विजेवर चालणाऱ्या वाद्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या नादाची जाती वादकाने निवडलेल्या काही आकड्यांवर अवलंबून असते. आकडे बदलले की तेच वाद्य घडीत घंटेसारखे, तर घडीत कर्ण्यासारखे बोलू लागते.

आकड्यांवर जगणाऱ्या या नादाच्या वाट्याला दोन गोष्टी येतात. तो जसाच्या तसा उतरून घेता येतो, आणि तो एका क्षणात पुसलाही जाऊ शकतो. सतारीचा भोपळा तडकला तर कारागीर तो बदलून देतो. परंतु महिनोन्‌महिने खपून जुळवलेले आकडे एकदा नाहीसे झाले, तर तो नाद पुन्हा हाती लागेलच असे नाही. हे आकडे कसे साठवावेत, त्यांना नावे कशी लावावीत आणि ते कसे जपावेत, यासाठी संगणकाचे साह्य कसे घेतले जाते, याचा विचार येथे केला आहे.

पॅच म्हणजे काय?

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मूग व डॉन बुक्ला यांनी जे सिंथेसायझर तयार केले, ते अनेक सुट्या घटकांचे बनलेले असत. एक घटक कंपने उत्पन्न करी, दुसरा त्यांतील काही अंश गाळून टाकी, तिसरा नाद कसा उमटावा व कसा विरावा हे ठरवी. हे घटक तारांच्या तुकड्यांनी एकमेकांस जोडावे लागत. त्या जोडतारांना पॅच कॉर्ड म्हणत. त्यावरून एका विशिष्ट नादासाठी केलेल्या संपूर्ण मांडणीस ‘पॅच’ असे नाव पडले. मांडणी मोडली की नादही मोडे. तो पुन्हा हवा असल्यास कोणती तार कोठे होती आणि कोणती खुंटी किती फिरवली होती, याचे टिपण वादकास कागदावर करून ठेवावे लागे. पॅचसूचीचे हे आद्य रूप होय.

१९७८ साली अमेरिकेतील सीक्वेन्शल सर्किट्स या कंपनीच्या प्रॉफेट-५ या वाद्यात सूक्ष्मप्रक्रियक बसवण्यात आला. त्यायोगे ४० पॅच वाद्याच्या स्मृतीत साठवून कळ दाबताच परत मिळवता येऊ लागले. १९८१ सालच्या रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८ मध्ये अशा ६४ जागा होत्या. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर रागांचे जे ध्वनिमुद्रण केले, त्यात हेच वाद्य योजले होते.

यानंतर १९८३ साली जपानच्या यामाहा कंपनीचा डीएक्स-७ आला. एका तरंगाने दुसऱ्या तरंगाची कंप्रता अतिशय वेगाने वरखाली केली असता नवनवीन नाद निर्माण होतात, हा शोध जॉन चाउनिंग यांना १९६७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात लागला होता. डीएक्स-७ हे त्याच तत्त्वावर चालते. या वाद्यात सहा तरंगजनक असून ते एकमेकांस ३२ निरनिराळ्या प्रकारांनी जोडता येतात. एका पॅचमध्ये १५५ आकडे असतात. त्यांपैकी १४५ नादाचे वर्णन करतात, आणि उरलेले १० म्हणजे पॅचच्या नावातील दहा अक्षरे होत. असे ३२ पॅच वाद्याच्या स्मृतीत मावतात. ही स्मृती एका लहानशा बॅटरीवर टिकून असते. काही वर्षांनी बॅटरी संपली म्हणजे ३२ही पॅच नाहीसे होतात. कारखान्यातून आलेल्या पॅचांच्या प्रती जगभर आहेत. वादकाने स्वतः रचलेल्या पॅचची प्रत मात्र त्याने करून ठेवली असेल तरच असते.

आकडे वाहून नेणारी भाषा

वाद्यातील आकडे बाहेर काढावयाचे तर वाद्य आणि संगणक यांना समजेल अशी सामाईक भाषा हवी. ती मिडी या नावाने १९८३ साली प्रचारात आली. सीक्वेन्शल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलंडचे इकुतारो काकेहाशी यांचा तिच्या निर्मितीत मोठा वाटा होता. त्या वर्षीच्या जानेवारीत एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या या दोन कंपन्यांची वाद्ये, प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६, एका तारेने जोडून वाजवून दाखवण्यात आली.

मिडीच्या तारेतून नाद वाहत नाही, केवळ सूचना वाहतात. सेकंदाला ३१,२५० बिट हा तिचा वेग होय. प्रत्येक बाइटमागे आरंभाची व अखेरची खूण धरून १० बिट लागतात; म्हणजे सेकंदाला ३,१२५ बाइट जातात. पॅचच्या दृष्टीने यांतील दोन प्रकारच्या सूचना महत्त्वाच्या आहेत.

पहिली सूचना ‘प्रोग्राम बदल’ ही होय. ‘अमुक क्रमांकाचा पॅच लाव’ एवढेच ती सांगते. तिच्यात ० ते १२७ असे १२८ क्रमांक असतात. पॅचचे नाव मात्र नसते. याहून अधिक पॅच असलेल्या वाद्यांसाठी ‘बँक निवड’ ही पूरक सूचना आहे. तिच्या दोन भागांनी १६,३८४ बँका दर्शवता येतात.

दुसरी सूचना ‘सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह’ या नावाची आहे. प्रत्येक निर्मात्यास आपल्या वाद्याचे खास आकडे पाठवता यावेत यासाठी ती राखून ठेवली आहे. तिचा आरंभ २४० या आकड्याने आणि शेवट २४७ ने होतो. आरंभानंतर निर्मात्याची खूण येते: रोलंडची ६५, कॉर्गची ६६, यामाहाची ६७. ज्या वाद्याची ती खूण नसेल, ते वाद्य तो सर्व मजकूर सोडून देते. डीएक्स-७ आपले ३२ पॅच एकदम पाठवते, तेव्हा जागा वाचवण्यासाठी लहान आकडे एकत्र बांधून प्रत्येक पॅच १२८ बाइटांत बसवते. ३२ गुणिले १२८ म्हणजे ४,०९६. त्यात आरंभ, शेवट इत्यादींचे ८ मिळवून ४,१०४ बाइट होतात. वरील वेगाने या साऱ्यास सुमारे १.३ सेकंद लागतात. वादकाचे वर्षभराचे श्रम एवढ्या अल्पकाळात सुरक्षित होऊ शकतात.

या आठांपैकी एक बाइट पडताळ्याचा असतो. समजा, ६०, ७० व ५० हे तीन आकडे पाठवावयाचे आहेत. त्यांची बेरीज १८०. तीस १२८ ने भागल्यास बाकी ५२ उरते. ५२ मध्ये ७६ मिळवले असता १२८ पुरे होतात, म्हणून ७६ हा पडताळ्याचा आकडा त्यांच्यामागून पाठवला जातो. ग्रहण करणाऱ्याने सर्वांची बेरीज करावी. ती १२८ च्या पटीत नसेल, तर वाटेत कोठेतरी बिघाड झाला असे समजावे.

एडिटर आणि लायब्ररियन

या कामासाठी संगणकाच्या दोन प्रकारच्या आज्ञावली वापरात आहेत, आणि पुष्कळदा त्या एकत्रच मिळतात. एडिटर ही पॅच घडवण्याची आज्ञावली होय. डीएक्स-७ वर दोन ओळींची, प्रत्येकी सोळा अक्षरांची लहानशी खिडकी असून तीतून एका वेळी एकच आकडा पाहता येतो. एडिटर हे सर्व आकडे संगणकाच्या पडद्यावर एकत्र मांडतो. नाद कसा चढतो व कसा ओसरतो याची रेषाकृती दाखवतो, आणि ती रेषा ओढून आकडे बदलू देतो.

लायब्ररियन म्हणजे ग्रंथपाल. त्याचे काम नावाप्रमाणेच आहे. तो वाद्यातून पॅच मागवून घेतो, त्यांची फाइल करतो, नावे लावतो, प्रकारवार वर्गवारी करतो, शोधून देतो, आणि निरनिराळ्या ठिकाणचे पॅच निवडून त्यांची नवी बँक वाद्याकडे पाठवतो. एकच पॅच दोन भिन्न नावांनी संग्रहात शिरला असेल, तर आकड्यांशी आकडे ताडून तो ही द्विरुक्ती उघड करतो. हस्तलिखित सूचीस हे साधत नाही, कारण तिच्यात नावे असतात, आकडे नसतात.

क्रमांक आणि नाव यांची सांगड

संगीतकार संगणकावर रचना तयार करतो, तेव्हा रचनेत केवळ प्रोग्राम बदलाचा क्रमांक नोंदला जातो. क्रमांक २८ म्हणजे कोणता नाद, हे रचनेस ठाऊक नसते. वाद्यातील पॅचांचा क्रम मागाहून बदलला, तर बासरीच्या जागी नगारा वाजेल, आणि तरीही संगणकाच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसेल. म्हणून प्रत्येक वाद्याची पॅचसूची रचना-आज्ञावलीस पुरवावी लागते, आणि ती वाद्यातील प्रत्यक्ष स्थितीशी जुळती ठेवावी लागते. जुनी झालेली सूची ही सूची नसण्यापेक्षा अधिक घातक होय, कारण तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

सूची करताना नेहमी होणारी चूक मोजणीची आहे. मिडी शून्यापासून मोजते. पुष्कळ वाद्ये एकापासून मोजतात. १९८७ सालच्या रोलंड डी-५० वर ६४ पॅच आठ-आठांच्या आठ गटांत असून त्यांस ११ ते १८, २१ ते २८ असे ८८ पर्यंत क्रमांक आहेत. तेथील ४५ म्हणजे चौथ्या गटातील पाचवा. त्याच्या आधी तीन पूर्ण गटांचे २४ आणि त्याच गटातील ४ मिळून २८ पॅच येतात. म्हणून मिडीचा क्रमांक २८. हे गणित एकदा करून सूचीच्या शिरोभागी लिहून ठेवल्यास पुढचा घोटाळा टळतो. बँक निवडीचाही अर्थ सर्व निर्माते सारखा लावत नाहीत. कोणी तिचा पहिला भाग मानतात, कोणी दुसरा. त्यासाठी वाद्याची माहितीपुस्तिका पाहिलीच पाहिजे.

सुरक्षित पद्धत

पॅचांचा सर्वाधिक नाश बॅटरीपेक्षा घाईने होतो. ३२ पॅचांची बँक डीएक्स-७ कडे पाठवली की आधीचे ३२ पुसले जातात, आणि तेही वाद्य काही न विचारता. म्हणून पहिला नियम असा की, पाठवण्यापूर्वी मागवावे. वाद्यात जे आहे ते प्रथम संगणकात उतरवून, त्या फाइलीस वाद्याचे नाव व दिनांक देऊन मगच नवीन पाठवावे. स्मृतीचे पुसण्यापासून रक्षण करणारी कळ डीएक्स-७ वर आहे. ती केवळ त्या वेळेपुरती उघडावी. एखादाच पॅच ऐकून पाहावयाचा असेल, तर तो वाद्याच्या तात्पुरत्या स्मृतीत पाठवावा; त्याने साठ्यास धक्का लागत नाही. मात्र तो मुद्दाम साठवून ठेवला नाही, तर दुसरा पॅच निवडताच तो जातो.

दुसरा नियम पडताळ्याचा. पाठवलेली बँक वाद्याकडून पुन्हा मागवावी आणि मूळ फाइलीशी ताडून पाहावी. जुनी वाद्ये एकामागून एक येणारे मोठे संदेश पचवू शकत नाहीत. अशा वेळी लायब्ररियनमध्ये दोन संदेशांमधला अवकाश वाढवता येतो.

ग्रंथपालाचेही आयुष्य असते

येथवर वाद्याच्या स्मृतीची चंचलता पाहिली. परंतु आज्ञावलीही चिरंजीव नसते. कॅलिफोर्नियातील ऑपकोड कंपनीचा गॅलॅक्सी हा एके काळचा नामांकित लायब्ररियन. १९९८ साली ती कंपनी गिब्सनने विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी तिचे काम थांबले. जर्मनीच्या एमॅजिक कंपनीचा साउंडडायव्हर हाही तसाच प्रसिद्ध होता. २००२ साली अ‍ॅपलने ती कंपनी घेतली आणि साउंडडायव्हर बंद झाला. ज्यांनी आपले पॅच केवळ अशा आज्ञावलींच्या खास फाइलींत ठेवले, त्यांना त्या उघडण्यासाठी जुने संगणक जपून ठेवावे लागले. ज्यांनी वाद्याने पाठवलेला सिस्टिम एक्स्क्लुझिव्ह संदेश जसाच्या तसा ठेवला, त्यांचे आकडे आजही कोणत्याही संगणकावरून वाद्याकडे परत जाऊ शकतात. जॉर्ज मेसन विद्यापीठाचे शॉन ल्यूक यांनी तयार केलेली एडिसिन ही आज्ञावली विनामूल्य असून तिची मूळ संहिताही सर्वांस खुली आहे; अनेक जुन्या वाद्यांचे पॅच तिच्या साह्याने घडवता व जतन करता येतात.

२०२० साली मिडीची दुसरी आवृत्ती स्वीकारली गेली. तिच्या नियमांप्रमाणे बनवलेले वाद्य विचारले असता आपली पॅचसूची स्वतःच कळवू शकते. अशा वाद्यांपुरते सूची हाताने जुळवण्याचे श्रम वाचतील. परंतु तत्पूर्वीच्या असंख्य वाद्यांना ही वाचा नाही. त्यांच्या वतीने त्यांच्या मालकांसच नोंद ठेवली पाहिजे.

सारांश, प्रत्येक वाद्यामागे तीन गोष्टी वाद्याबाहेर असाव्यात: मूळ संदेशाची फाइल, क्रमांक व नावे यांची साध्या मजकुरातील सूची, आणि या दोहोंची दुसऱ्या जागी ठेवलेली प्रत. त्यासाठी लागणारा वेळ अर्ध्या तासाहून क्वचितच अधिक असतो. बॅटरी केव्हा संपेल हे वाद्य सांगेलच असे नाही. म्हणून ही नोंद वाद्य सुस्थितीत असतानाच करावयाची असते.