शिवराईचा हिरवा थर

नांगराच्या फाळाने वर आलेल्या शिवराईवर, म्हणजे तांब्याच्या जुन्या नाण्यावर, हिरवट-तपकिरी थर असतो. तो नुसता मळ नव्हे. जमिनीतला ओलावा आणि क्षार यांच्याशी तांब्याचा संयोग होऊन तो बनलेला असतो, आणि झिजलेल्या नाण्यावरची ‘श्री राजा शिव’, ‘छत्रपति’ ही अक्षरे पुष्कळदा त्या थरातच टिकून असतात. चिंच किंवा लिंबू चोळले की थर विरघळतो, अक्षरेही जातात आणि हाती उरते गुळगुळीत गुलाबी चकती.

म्हणून साधनांची निवड मवाळाकडून कडकाकडे करावी. सर्वांत आधी दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग घ्यावे. घासण्याची घाई निम्मी तिथेच शमते. मग डिस्टिल्ड वॉटर. नळाच्या पाण्यातले क्लोराइड तांब्याला बाधते. नाणे काही दिवस भिजवून, पाणी बदलत राहून, मऊ ब्रश फिरवावा. खाचेतली माती काढायला बांबूची काडी किंवा बाभळीचा काटा उत्तम. काडी तिरपी धरून ‘श्री’च्या वळणालगतची ओली माती उचलावी, मातीबरोबर हिरवा कण निघाला की हात थांबवावा. तारेच्या ब्रशाचे ओरखडे मात्र जन्माचे.

चांदीवरचा काळेपणा म्हणजे सिल्व्हर सल्फाइड. घरातल्या पैंजणांना अॅल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा पुरतो. जुन्या नाण्यावर तो प्रयोग नको.

अल्ट्रासॉनिक यंत्राचा मोह अनेकांना पडतो. ध्वनिलहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि फटीतला मळ सुटतो. भरीव सोन्याच्या अंगठीला ते चालते. मोत्यांची नथ, पोवळे, तेल मुरवलेला पाचू आणि लाख भरलेले पोकळ मणी यांना ते घातक. गंजलेल्या नाण्याचा थरही त्यात सुटून येतो.

जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. अशा ऐवजाला तोवर ब्रशही लावू नये.

साफ केलेले नाणे पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसह डबीत ठेवावे. पीव्हीसीची मऊ पाकिटे टाळावीत. त्यांतून झिरपणारे आम्ल नाण्यावर हिरवा चिकटा आणते. चिकट्याऐवजी फिकट हिरवी भुकटी दिसली आणि पुसूनही परत आली, तर तो तांब्याला आतून पोखरणारा क्लोराइडचा रोग समजावा. असे नाणे बाकीच्यांपासून वेगळे काढून संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञाला दाखवावे.