बाहुलीच्या रांगेतील मोटार

बंगळुरूच्या वेशीवर एका गोदामाचे फरसबंद आवार आहे. रविवारी सकाळी ते मोकळे असते आणि मालकाच्या परवानगीने आम्ही दहा-बारा जण तिथे जमतो. कोणी बँकेत अधिकारी, कोणी संगणक अभियंता, कोणी तंत्रनिकेतनाचा विद्यार्थी. मी स्वतः यंत्रनिर्मिती उद्योगात तीस वर्षे काढून निवृत्त झालेला. प्रत्येकापाशी खऱ्या मोटारीच्या एक-दशांश आकाराची, रेडिओ-लहरींवर चालणारी टूरिंग कार असते. येणारे-जाणारे थबकतात आणि माझ्याकडे पाहून म्हणतात, ‘या वयात खेळणी?’ या प्रश्नाचे मला वाईट वाटत नाही. मात्र आपले आयात धोरणही त्याच नजरेने या वस्तूकडे पाहते, याची खंत वाटते.

ही मोटार तयार मिळत नाही. खोक्यातून प्लास्टिकचे साचेबद्ध भाग, पुड्यांमध्ये भरलेले स्क्रू, दातेरी चाके आणि एक पुस्तिका निघते. जुळणीला दोन-तीन संध्याकाळी लागतात आणि खरे काम त्यानंतर सुरू होते. स्वस्त संचात धुऱ्यांना बहुधा साधे प्लास्टिकचे बुश दिलेले असतात. ते काढून बॉल बेअरिंग बसवावे लागतात. साध्या स्प्रिंगच्या जागी तेल भरलेले डँपर येतात. दुपारच्या उन्हात हे तेल पातळ होते, म्हणून उन्हाळ्यात ते अधिक घट्ट वापरावे लागते. मोटरचा पिनियन आणि मोठे दातेरी चाक यांच्या दात्यांत नेमकी किती फट ठेवायची, हे कागदाची अरुंद पट्टी मध्ये धरून ठरवले जाते. नवशिके पहिल्यांदा दमदार मोटर विकत घेतात आणि गाडी वळणावर उलटली की चाकांचा कल, जमिनीपासूनची उंची, मागच्या चाकांचा आतला कोन या गोष्टींकडे वळतात. महाविद्यालयात मी जे फळ्यावर शिकलो, ते इथे सोळा वर्षांचा मुलगा गुडघ्यावर बसून शिकतो.

आता सीमाशुल्काच्या वेळापत्रकाकडे वळू. त्यातील ९५०३ या शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि ‘लहान आकाराच्या प्रतिकृती, चालणाऱ्या वा न चालणाऱ्या’ एकत्र नांदतात. ही वर्गवारी आंतरराष्ट्रीय असल्याने तिचा दोष आपल्याकडे नाही. पण तीवर किती कर लावायचा, हे आपण ठरवतो. या शीर्षकावरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. त्यावर जीएसटी, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा धरला की संचाची किंमत मूळ किमतीची दुप्पट सहज ओलांडते. सुटे भाग मागवले तर गुंता आणखी वाढतो. विद्युत मोटर ८५०१ मध्ये, रेडिओ-नियंत्रक ८५२६ मध्ये, बेअरिंग ८४८२ मध्ये. आणि केवळ या गाडीलाच बसणारा प्लास्टिकचा आर्म मात्र पुन्हा बाहुल्यांच्या रांगेत.

ही करवाढ अकारण नव्हती, हे मान्य केले पाहिजे. निकृष्ट, घातक रंगांची आयात खेळणी आपल्या बाजारात ओतली जात होती. जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने त्यांना आळा घातला. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या काळात खेळण्यांची आयात सुमारे ३३ कोटी डॉलरवरून सुमारे १६ कोटींवर आली, तर निर्यात सुमारे साडेनऊ कोटींवरून साडेबत्तीस कोटींवर गेली. लहान मुलांच्या खेळण्यांपुरते हे धोरण यशस्वीच म्हणावे लागेल. प्रश्न एवढाच, की त्याच जाळ्यात जी शिकण्याची साधने अडकली, त्यांचे काय?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यातल्या एका विद्यार्थ्याच्या गाडीचा पुढचा खालचा आर्म दुभाजकावर आदळून मोडला. त्याने ही गाडी एका सभासदाकडून जुनी विकत घेतली होती. नवी त्याच्या आवाक्यात नव्हती. मोडलेला भाग परदेशात चहाच्या दोन कपांच्या किमतीत मिळतो. इथे तो सात आठवडे मिळाला नाही. तेव्हा आम्ही दोघे पीण्या औद्योगिक वसाहतीतील माझ्या परिचयाच्या एका कारखानदाराकडे गेलो. मुलाने व्हर्नियरने मापे घेऊन स्वतः रेखाचित्र काढले होते. पहिला आर्म अॅल्युमिनियमचा केला. तो देखणा होता आणि भक्कमही. पुढच्या रविवारी गाडी पुन्हा आदळली तेव्हा तो शाबूत राहिला. पण धक्का थेट मागे गेला आणि ज्या सांगाड्यावर तो बसवला होता, तोच फुटला. मुलगा बराच वेळ तुकडे हातात घेऊन बसला. मग म्हणाला, ‘सर, तो भाग मोडण्यासाठीच केलेला होता.’

मूळ आरेखनकाराने स्वस्त भाग मुद्दाम लवचीक ठेवला होता, महागडा भाग वाचावा म्हणून. हे कळायला मला नोकरीत काही वर्षे लागली होती. दुसऱ्या वेळी आम्ही अॅसिटल प्लास्टिकच्या ठोकळ्यातून आर्म कातून घेतला. तो आजही टिकून आहे. कारखानदाराला काम आवडले. त्याने विचारले, ‘किती नग हवेत?’ मी म्हणालो, ‘पाच.’ तो हसला. यंत्रावर जुळवाजुळव करायलाच अर्धा दिवस जातो. पाच नगांत ते परवडत नाही. पाचशे असते तर त्याने साचाच केला असता.

सगळे घोडे इथेच अडते. संच महाग, म्हणून हौशी थोडे. हौशी थोडे, म्हणून सुट्या भागांना गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही, म्हणून देशी कारखानदार त्यात पडत नाही. आयात कर वाढवला की देशी उत्पादन आपोआप उभे राहते, हे गृहीतक तयार खेळण्याला लागू पडते. ज्या वस्तूची बाजारपेठच अजून जन्मायची आहे, तिला ते लागू पडत नाही.

या क्षेत्रातील तामिया या जपानी कंपनीचा इतिहास इथे आठवण्याजोगा आहे. शिझुओका शहरात १९४६ मध्ये ती लाकूड कापणारी गिरणी म्हणून सुरू झाली. लाकडी प्रतिकृतींकडून ती प्लास्टिककडे वळली आणि १९७६ मध्ये तिने आपली पहिली रेडिओ-नियंत्रित मोटार बाजारात आणली. आमच्या शहरापासून साठ-एक किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथल्या लाखकाम केलेल्या लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन आहे आणि तिथल्या कारागिरांचा हात कातकामात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला आहे. लाकडापासून सूक्ष्म यंत्रांपर्यंत जाणारा रस्ता आपल्याकडेही होता. आपण त्याच्या मधल्या पायऱ्या बांधल्या नाहीत.

मग करावे काय? सरकारला बारकाईने फरक करता येत नाही असे नाही. गुणवत्ता आदेशातून नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना डिसेंबर २०२० मध्ये सूट देण्यात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, पण ड्रोनच्या सुट्या भागांना मुभा राहिली. हाच विवेक इथेही वापरता येईल. न जुळवलेले, चौदा वर्षांवरील वयोगटासाठीचे संच आणि त्यांचे सुटे भाग यांना वेळापत्रकात वेगळी ओळ द्यावी आणि त्यावरील शुल्क निदान २०२० पूर्वीच्या पातळीवर आणावे. या सवलतीआड कोणी तयार खेळणी आणील, ही भीती रास्त आहे. परंतु जुळवलेली गाडी आणि सुट्या भागांचे खोके यांतला फरक ओळखायला सीमाशुल्क अधिकाऱ्याला झाकण उघडण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यावर आपण खर्च करतो आणि तो योग्यच आहे. मात्र शाळेची घंटा झाल्यावर त्या मुलाने घरी काय उघडावे आणि जुळवावे, याचाही विचार त्याच धोरणाने करायला हवा. आमच्या मुलाने काढलेले रेखाचित्र पीण्यातील त्या कारखान्याच्या भिंतीवर अजून टाचलेले आहे. गेल्या महिन्यात मी तिथे गेलो, तेव्हा मालकाने त्याकडे बोट दाखवून पुन्हा तोच प्रश्न विचारला. आता आम्ही चौदा जण आहोत. मी आकडा सांगितला आणि त्याने मान हलवली.