विश्वविद्यालयीन इतिहासाध्ययन आणि शुहूर सन

इतिहासाचे प्राचीन व मध्ययुगीन असे खंड पाडून ते निरनिराळ्या अध्यापकांकडे सोंपविण्याची पद्धति आपल्या विश्वविद्यालयांत रूढ आहे. कलकत्त्यास प्राचीन भारतीय इतिहासाचें कार्मायकेल अध्यासन इ. स. १९१७ मध्यें देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांजकडे आलें. अलाहाबादेस प्राचीन इतिहासाचा विभाग वेगळा, मध्ययुगीन व अर्वाचीन इतिहासाचा वेगळा. पहिल्या वाटेचा विद्यार्थी संस्कृत, ब्राह्मी लिपि व शिलालेखांतील तिथिनक्षत्रें शिकतो. दुसऱ्या वाटेचा फारसी व हिजरी सन. ही वांटणी सोयीची आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु महाराष्ट्रांतील दप्तरांत एक वस्तु अशी आहे कीं, ती या दोन्ही वाटांच्या मध्येंच पडते. ती वस्तु म्हणजे शुहूर सन.

शुहूर हें ‘शहर’ म्हणजे महिना या अरबी शब्दाचें अनेकवचन. या सनाचा आरंभ हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४ पासून धरितात व तो मुहंमद तुघलकाच्या कारकीर्दीशीं जोडितात. आंकडा हिजरीचा घेतला, पण वर्ष सौर ठेविलें. सूर्य मृग नक्षत्रांत शिरला कीं नवें साल. म्हणून यास मृगसालही म्हणतात. कारण उघड आहे: हिजरी वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें, तें ऋतूंतून मागें मागें सरकतें, सारा मात्र पीक हातीं आल्यावांचून वसूल होत नाहीं.

सनाचा आंकडा अरबी शब्दांनीं लिहितात, आणि तोही एकंपासून. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ३, ७०, १०० व १०००, मिळून ११७३. अंकांची गति डावीकडे, हा आमच्या ज्योतिषग्रंथांतलाही संकेत असल्यामुळें संस्कृतज्ञास ही रीत परकी वाटूं नये. अडतें तें शब्दांपाशीं. सबा म्हणजे ७ व सबैन म्हणजे ७०, सित म्हणजे ६ व सितैन म्हणजे ६०. धांवत्या मोडींत हा भेद चटकन् निसटतो. आलेल्या आंकड्यांत ५९९ मिळवावे. १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

एवढ्यानें काम संपतें, असें पुष्कळांस वाटतें. खरी अडचण पुढें आहे. वर्ष सौर असलें तरी त्याखालीं महिना व चंद्र हिजरीचेच लिहितात. ‘छ’ हें चंद्राचें संक्षिप्त रूप. त्यामुळें प्रत्येक शुहूर सालांत सुमारें ११ चंद्र दोनदां येतात, एकदां आरंभीं व एकदां अखेरीस. समजा, पत्रावर वरील सालचा ‘छ ८ रबिलावल’ आहे. मृग जूनच्या प्रारंभीं लागला. हिजरी ११८६ चा हा चंद्र ९ जून १७७२ च्या सुमारास पडतो, हिजरी ११८७ चा ३० मे १७७३ च्या सुमारास. आणि दोन्ही दिवस सन ११७३ तच! यांच्या मध्यें १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थोरले माधवराव थेऊर येथें निवर्तले. तेव्हां हें पत्र माधवरावांच्या अखेरच्या आजारांतलें कीं नारायणरावांच्या अल्प कारकीर्दींतलें, हा निर्णय तारखेवरून होत नाहीं.

येथें तिथीचाही आधार मिळत नाहीं, कारण ८ वा चंद्र दोन्ही वर्षीं शुद्ध पक्षांतच असणार. वार दिला असल्यास तो पाहावा. गणितानें पहिल्या दिवशीं मंगळवार येतो, दुसऱ्या दिवशीं रविवार. मात्र चंद्रदर्शनानें एका दिवसाचा फरक पडतो, म्हणून सोमवार निघाल्यास प्रश्न जेथल्या तेथेंच राहतो. पत्रावर पेशव्यांचा शिक्का असेल तर त्यांतील प्रधानाचें नांव पाहावें. खासगी पत्रांत बहुधा तोही नसतो. मग मजकुरांतील माणसें व मुक्काम हींच साक्ष.

मृग नक्षत्र समजण्यास ज्योतिष हवें, अंक वाचण्यास अरबी शब्द, चंद्रास हिजरीचें कोष्टक, आणि सर्वांआधीं मोडी. पदवी घेऊन दप्तरापुढें बसणाऱ्या तरुणास यांतील अर्धेंच शिकविलेलें असतें. सेवेल व शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा इ. स. १८९६ मधील कालगणनेचा ग्रंथ पुढें ठेवून दहावीस अस्सल कागद दोन्ही विभागांच्या विद्यार्थ्यांकडून एकत्र सोडवून घेतल्यास थोडक्या आठवड्यांत ही उणीव भरेल, असें आमचें मत आहे. परीक्षेंत त्यास गुण ठेवावे, नाहीं तर कोणी वाचणार नाहीं!

संग्राहकांसही एक विनंति. रुमालावरील चिठ्ठीवर नुसता इसवी सन लिहिण्याचा प्रघात आहे. पुढला अभ्यासक त्या चिठ्ठीवरच विसंबतो व कागद उलगडीत नाहीं. चिठ्ठीवर आधीं मूळ शब्द जसेच्या तसे उतरावे, खालीं वेगळ्या ओळींत इसवी तारीख द्यावी, आणि चंद्र दुहेरी असेल तेथें दोन्ही तारखा लिहाव्या.