वळवाचा ढग किती उंच चढतो?

मे महिन्यात शिरोळवर कोसळणाऱ्या वळवाच्या ढगाचा माथा कधी कधी १५ किलोमीटरच्याही वर पोचतो. प्रवासी विमानं १० ते १२ किलोमीटरवरून उडतात. म्हणूनच वैमानिक अशा ढगाला वळसा घालून जातात.

इतकं वर चढायला बळ कुठून येतं? सुरुवात तापलेल्या रानातून होते, पण खरी ताकद वाफेची. एक लिटर पाण्याची वाफ ढगात पुन्हा पाणी होते, तेव्हा सहा लिटर बर्फगार पाणी उकळेल एवढी उष्णता सुटते! या उष्णतेमुळं ढगातली हवा भोवतालच्या हवेपेक्षा गरम राहते, आणि ती गरम आहे तोवर ढग चढत राहतो. मध्येच कोरडी हवा आत घुसली, तर थेंब विरतात, ढग गारठतो आणि चढण थांबते. दुपारी भरून आलेलं आभाळ संध्याकाळी मोकळं होतं, त्याचं हे एक मोठं कारण.

सगळ्यात वरचा अडसर म्हणजे तपस्तब्धी (ट्रोपोपॉज) ही वातावरणातली सीमा. आपल्याकडं ती साधारण १६-१७ किलोमीटरवर, तर ध्रुवांजवळ ८-९ किलोमीटरवरच असते. तिच्यावर हवा थंड होण्याऐवजी गरम होत जाते. तिथं ढगाचं काही चालत नाही. तो आडवा पसरतो आणि माथा ऐरणीसारखा सपाट होतो. फार जोरकस ढग तेवढा क्षणभर वर मुसंडी मारतो.

ही उंची ओळखायची कशी? ‘इन्सॅट-३डीआर’ उपग्रह ३६,००० किलोमीटरवरून माथ्याचं तापमान टिपतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच.

आता खरी गंमत. ढग उंच म्हणजे पाऊस जास्त, असं मुळीच नाही. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस होतो, पण घाटावरचे पावसाळी ढग बऱ्याचदा ५-६ किलोमीटरच्या आतच असतात. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्री वर ढकलतो, आणि बर्फ न होताच थेंब एकमेकांवर आदळून मोठे होतात. याच ढगांच्या अभ्यासासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा उभारली.

पावसाळ्यात शिरोळजवळच्या नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचं पाणी उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारानं बाहेर पडतं, तेव्हा स्नानाला गर्दी लोटते. कृष्णा-पंचगंगेचं ते पाणी वळवाच्या उंच ढगांचं नसतं, ते मुख्यतः घाटातल्या ढगांनी दिलेलं असतं.