हललेला फोटो : किती सुधारतो, किती नाही

आपल्या शालेय पत्रकासाठी विद्यार्थी आणि पालक आवडीने फोटो पाठवतात. अलीकडे त्यात एक गंमत दिसू लागली आहे. २००५ ते २०१० च्या सुमारास घराघरांत घेतलेले छोटे डिजिटल कॅमेरे मोबाईल आल्यावर कपाटात गेले होते. ते मुलांनी पुन्हा बाहेर काढले आहेत. आम्हांला याचा आनंदच आहे. पण आलेल्या फोटोंपैकी बरेच अस्पष्ट असतात आणि सोबत निरोप असतो, "कॉम्प्युटरवर साफ करून घ्यावा." म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. कॉम्प्युटर फोटोतली अस्पष्टता थोडी झाकतो. जे कॅमेऱ्यात आलेच नाही ते तो आणू शकत नाही. तेव्हा फोटो का बिघडला हे ओळखता आले, तर निम्मे काम झाले.

ओळखायचे कसे? कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर विसंबू नका. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पडद्यावर जेमतेम १ लाख १५ हजार ठिपके असत आणि फोटो मात्र ५० लाख ठिपक्यांचा. एवढ्याशा पडद्यावर सगळेच स्वच्छ दिसते. फोटो कॉम्प्युटरवर उघडा, पूर्ण आकारात मोठा करा आणि नीट बघा. दिव्यांचे ठिपके लांबट रेघांसारखे दिसतात का? सगळ्याच वस्तू एकाच दिशेला फरफटल्या आहेत का? मग हात हलला. भिंत, खांब, झेंडा स्वच्छ आणि फक्त मुलगा पुसट? मग मुलगा हलला. मुलगा पुसट, पण त्याच्या मागच्या फळ्यावरची अक्षरे वाचता येतात? मग कॅमेऱ्याने नेम चुकीच्या जागी धरला, म्हणजे फोकस चुकला. आणि सगळ्या फोटोवर दुधासारखी साय, दिव्यांभोवती वलय असेल, तर भिंगावर बोटाचा डाग किंवा वाफ आहे. थंडीत बाहेरून एकदम स्वयंपाकघरात कॅमेरा आणला की भिंगावर असेच धुके धरते. दहा-पंधरा मिनिटे थांबा, आपोआप निवळते. डाग मऊ, स्वच्छ सुती कापडाने हलकेच पुसा. शर्टाच्या टोकाने नको, त्यात धूळ असते.

सर्वांत जास्त फोटो हात हलल्याने आणि माणूस हलल्याने बिघडतात, आणि दोन्हींच्या मुळाशी अपुरा प्रकाश असतो. या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, तो साधारण ६ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर उंच, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्याला पुरेसा प्रकाश मिळेपर्यंत कॅमेरा पापणी उघडी ठेवतो. भर उन्हात सेकंदाचा ५०० वा भाग पुरतो. स्नेहसंमेलनाच्या रंगमंचावर कधीकधी सेकंदाचा आठवा भाग लागतो. आता हिशोब करा. सेकंदाला एक मीटर चालणारे मूल ५०० व्या भागात २ मिलिमीटर सरकते, आठव्या भागात १२ सेंटिमीटरपेक्षा जास्त! लेझीम खेळणाऱ्या हाताची तर गोष्टच सोडा.

झूम केल्यावर हे आणखी बिघडते. हाताचा थोडासा कंपही मोठा होऊन दिसतो, शिवाय झूम पूर्ण पुढे नेला की बऱ्याच कॅमेऱ्यांत भिंगातून येणारा प्रकाश तिसऱ्या हिश्श्यावर येतो. मागच्या रांगेत बसून झूम करण्यापेक्षा पुढे जाऊन उभे राहावे. (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते, तिथे मात्र हा सल्ला लागू नाही. दगड झूमपेक्षा लांब जातात. त्या दिवशी आपल्या गल्लीतल्या तान्ह्या पोळ्याचे फोटो काढा. लाकडी बैल पळत नाहीत, मुले पळतात. त्यांना दारापुढे आरतीसाठी थांबवतात तो क्षण पकडा.)

फ्लॅशबद्दल मोठा गैरसमज आहे. या कॅमेऱ्यांचा फ्लॅश साधारण ३ मीटरपर्यंत पोचतो. सभागृहाच्या शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारला की पुढच्या लोकांची डोकी पांढरी होतात आणि रंगमंच काळाच राहतो. हनुमान जयंतीच्या रात्री जामसांवलीच्या देवळाबाहेर गर्दी आणि रोषणाई असते, तिथेही तेच. अशा वेळी फ्लॅश बंद करा, आयएसओ ४०० करा आणि कॅमेरा कशावर तरी टेकवा. फोटो थोडा दाणेदार येईल. आमचे मत विचाराल तर दाणेदार फोटो छापता येतो, हललेला छापता येत नाही.

टेकवण्यासाठी तिपाई विकत घ्यायची गरज नाही. छोट्या कापडी पिशवीत पावभर तांदूळ भरा, ती भिंतीवर किंवा खुर्चीच्या पाठीवर ठेवा आणि वर कॅमेरा ठेवा. दुसरी युक्ती दोरीची. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची आट्याचे भोक असते. त्यात बसेल असा आखूड बोल्ट घ्या, त्याला दोरी बांधा, दोरीचे दुसरे टोक पायाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करा. हात बराच स्थिर होतो. बटण दाबतानाच कॅमेरा हलतो, म्हणून स्थिर वस्तूंसाठी २ सेकंदांचा टायमर लावावा.

फोकससाठी बटण दोन टप्प्यांत दाबायचे असते, हे पुष्कळांना माहीतच नसते. आधी अर्धे दाबा. हिरवी चौकट येते, बीप वाजते. मग पूर्ण दाबा. संत्र्याच्या पानावरच्या कोळशीचे फोटो विज्ञान प्रकल्पासाठी येतात आणि त्यांतले बहुतेक पुसट असतात. कारण साधे आहे. नेहमीच्या स्थितीत हा कॅमेरा साधारण अर्ध्या मीटरच्या आतले स्पष्ट पाहू शकत नाही. फुलाचे चिन्ह असलेले बटण दाबा, झूम पूर्ण मागे घ्या, मग जवळ जा. वारा असेल तर फांदी एकाने धरावी.

आता दुरुस्ती. फोटोच्या प्रतीवरच काम करा, मूळ फोटोला हात लावू नका. गिम्प नावाचे मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात धार वाढवण्याची सोय असते. ती कडांजवळचा काळा भाग अधिक काळा आणि पांढरा अधिक पांढरा करते, त्यामुळे डोळ्याला फोटो स्पष्ट वाटतो. जास्त केले की चेहऱ्याभोवती पांढरी किनार येते. याहून उपयोगी उपाय म्हणजे फोटो लहान छापणे. ५० लाख ठिपक्यांचा फोटो चांगल्या छपाईत साडेआठ इंच रुंद होतो. तो निम्मा केला तर सव्वाचार इंच राहतो आणि चार ठिपक्यांची फरफट दोनवर येते. आम्ही पत्रकात पुष्कळदा हेच करतो.

"पण हबल दुर्बिणीचे फोटो कॉम्प्युटरने सुधारले होते ना?" असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतील. खरे आहे. १९९० साली हबल अवकाशात गेली, तेव्हा तिच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट निघाली आणि तारे पुसट दिसू लागले. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी दुरुस्ती केली. तोवर शास्त्रज्ञ गणिताने फोटो काही प्रमाणात स्वच्छ करत होते. ते जमले, कारण तारा हा एक ठिपका असतो आणि तो नेमका कसा पसरला हे त्यांना मोजता येत होते. आपला हात कोणत्या वाटेने हलला याची नोंद कुठेच नसते.

आजकाल मोबाईलवर एका बोटात चेहरा 'स्वच्छ' करणारी ॲप्स आहेत. त्यांच्याबाबत पालकांना कळकळीने सांगावेसे वाटते. ती चेहरा शोधत नाहीत, लाखो चेहरे पाहून नवा बनवतात. २०२० साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या 'पल्स' या प्रणालीला बराक ओबामांचा पुसट, लहान फोटो दिला, तर तिने एका गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. घरात आजोबांचा एकच जुना फोटो असतो. त्याच्या हललेल्या प्रतीला असे ॲप लावले, तर भिंतीवर कोणा भलत्याच माणसाला हार घातला जाईल.

त्यापेक्षा मूळ फोटोचीच प्रत पुन्हा नीट घ्या. जमत असेल तर तो चौकटीतून काढा, काचेवर चकाकी येते. खिडकीजवळ, पण ऊन पडणार नाही असा, भिंतीला टेकवून उभा करा. फ्लॅश बंद. कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर, फोटोच्या बरोबर समोर. फोटो लहान असून अगदी जवळ जावे लागत असेल तर फुलाचे चिन्ह, आणि २ सेकंदांचा टायमर. पाच-सहा प्रती काढा आणि कॉम्प्युटरवर मोठ्या करून त्यांतली सर्वांत स्वच्छ निवडा. दहावीच्या निरोपाच्या सामूहिक फोटोलाही हाच नियम लावा. निदान चार वेळा काढा, कारण ती मुले पुन्हा त्या ओळीत उभी राहणार नसतात.

पत्रकासाठी फोटो पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवला तर तो लहान होऊन येतो आणि चांगला फोटोही पुसट दिसतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, किंवा कॅमेऱ्याचे कार्डच शाळेत आणावे. उतरवून त्याच दिवशी परत देऊ.