कोळीवाड्यापासून हाजी अलीपर्यंत

सुरुवात वरळी कोळीवाड्यातून करा, तीही सकाळी. पावसाळा नसेल तर बोंबील, जवळा वाळत घातलेला दिसेल. त्या वासाला नाक मुरडू नका, इथल्या घरांचा संसार त्यावर उभा आहे. गोल्फादेवीचं दर्शन घेऊन टोकावरच्या इंग्रजी अमदानीतल्या किल्ल्यावर जा. समोर माहीमचा उपसागर आणि २००९ सालचा सागरी सेतू. नारळी पौर्णिमेला आलात तर भाग्यच!

न्याहारीला वरळी नाक्यावरच्या सिटी बेकरीचा कडक ब्रून पाव, सोबत चहा.

मुलं बरोबर असतील तर नेहरू तारांगण (१९७७).

हाजी अली दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते, म्हणून ओहोटीची वेळ बघूनच निघा. परतताना ज्यूस सेंटरवर सीताफळ क्रीम खाच.